चंद्रीचा बिल्ला

नृसिंहराव हेर्लेकरांना कुत्र्यांचं टेबल द्यायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे! परवाना खात्यात टेबलांची काय कमी होती? सायकलींचं होतं, टांग्यांचं होतं, हातगाड्यांचं होतं. पण अडुसष्ट साली कुत्र्यांचे परवाने बघणारे कारकून निवृत्त झाले आणि साहेबांनी त्यांचं दप्तर उचलून सरळ दुभत्या जनावरांच्या टेबलावर ठेवलं. जनावर ते जनावर, त्यात काय बघायचं! आणि दुभत्या जनावरांच्या टेबलावर गेली चौदा वर्षं नृसिंहराव बसत होते.

माणूस सज्जन हो. कामाला चोख, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, कुणाचा फुकट चहासुद्धा प्यायचा नाही. पण कुत्र्याला भ्यायचा, आणि ते भिणंही साधंसुधं नव्हे. सातव्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी कुत्रं निजलेलं दिसलं की हे दोन गल्ल्यांचा वळसा घालून घरी जायचे. बायको, कालिंदीबाई, चेष्टेनं म्हणायच्या, "अहो, तुम्हाला चावलेलं कुत्रं मरून चाळीस वर्षं झाली. आता तरी सरळ वाटेनं या!" सरळ वाटेनं येणं काही जमलं नाही.

आता नियम काय होता तोही सांगतो. मालकानं कुत्र्यासह कचेरीत हजर व्हायचं. कारकुनानं जनावर समक्ष बघून रंग, खुणा, वय वहीत उतरवायचं, आणि पितळी बिल्ला स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात बांधायचा, म्हणजे एकाचा बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात जायला नको. नृसिंहरावांनी यावर तोड काढली होती. कुत्रं बाहेर लिंबाखाली, आपण आत खिडकीच्या गजांमागं आणि मध्ये गुंडू शिपाई. गुंडू बाहेरून ओरडायचा, "तांबडं हाय रावसाब! कान पडल्यालं!" आणि हे आतून लिहायचे, 'रंग तांबडा, कान पडलेले.' बिल्लाही गुंडूच बांधायचा. असं त्यांचं बिनबोभाट चाललं होतं.

त्या थंडीत पेठेत एक कुत्रं पिसाळलं आणि तीन माणसांना चावलं. गावात एकच गलका झाला. ठराव झाला की येत्या सोमवारपासून गाडी फिरणार आणि गळ्यात कुत्र्याचा बिल्ला नसलेलं जे दिसेल ते उचलणार. उचललेलं कुत्रं परत येत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दवंडी पिटली, आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली जत्रा भरली. काय ती कुत्री, काय ती भांडणं! मालकांचीसुद्धा.

गुरुवारी दुपारी गर्दी जरा ओसरली होती. गुंडू चहा आणायला गेला होता. नृसिंहराव मान खाली घालून लिहीत होते. तेवढ्यात टेबलापुढं कुणीतरी उभं राहिलं. त्यांनी वर बघितलं तर एक उंच, काटक माणूस. धोतर, कोपरी, डोक्याला तांबडा पटका. तोंडभर देवीचे व्रण आणि दोन्ही डोळे पांढरेफटक. त्याच्या डाव्या हातात आखूड कासरा होता. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, टेबलाच्या पायापासून वीतभर अंतरावर, एक काळं कुत्रं शांत बसलं होतं. पुढचे दोन पाय तेवढे पांढरे.

नृसिंहरावांचे स्वतःचे पाय कधी खुर्चीवर गेले ते त्यांनाच कळलं नाही.

"बाहेर! कुत्रं बाहेर! गुंडू!"

"भिऊ नगासा रावसाब," तो माणूस म्हणाला. आवाज मोठा, खणखणीत. "वस्ताद बिनकामाचा तोंड उघडत न्हाई."

"वस्ताद कोण?"

"ह्योच की! आनि मी ज्ञानू खाडे, शिवाजी पेठंतला. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हस पिळतो."

गंगावेशीतला दुधाचा कट्टा कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी गवळ्यांनी म्हशी घेऊन यायचं, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, आणि फेसाळ पेला गिऱ्हाइकानं तिथंच उभ्यानं तोंडाला लावायचा. पण आंधळा माणूस रोज म्हैस घेऊन पेठेतून तिथवर जातो, हे नृसिंहरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. भीतीतही त्यांना नवल वाटलं.

"बिल्ला घ्यायला आलास?"

"बिल्ला हाय की ह्येच्या गळ्यात! सात वर्सं हाय! पर गाडीवरचा आकाराम म्हनला, ज्ञानू, ह्यो नंबर कुत्र्यांच्या यादीत न्हाई. म्हनला, तुजं दूद पितो म्हनून आदी सांगतो, सोमवारच्या आत मिटीव, मग माजा इलाज न्हाई. म्हनून आलतो."

एवढ्यात गुंडू चहा घेऊन आला, नृसिंहरावांचे पाय खुर्चीवर बघून हसू दाबत खाली वाकला आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचला. "चारशे बारा, रावसाब."

कुत्र्यांची यादी तीनशे चाळीसला संपत होती. नृसिंहरावांनी ती दोनदा बघितली. मग त्यांना कसलीशी शंका आली आणि त्यांनी दुसरी वही ओढली, स्वतःची, दुभत्या जनावरांची. चारशे बारा सापडला. 'म्हैस. रंग काळा. शिंगे मागे वळलेली. कपाळावर पांढरा टिळा. मालक ज्ञानू बाळासो खाडे.'

गुंडूनं खांद्यावरून ते वाचलं आणि असा हसला की बशीतला चहा सांडला. "आयला, म्हशीचा बिल्ला! पावणं, ह्ये तुमचं कुत्रं दूद किती देतंय?" सगळी कचेरी उठून बघायला आली. टांग्यांच्या टेबलावरच्यानं शिंगं कुठं आहेत म्हणून विचारलं.

ज्ञानू हसणाऱ्यांकडं तोंड करून उभा राहिला. चिडला नाही, पण लाजलाही नाही.

"हसा की," तो म्हणाला. "पर माजं काय चुकलं त्ये सांगा. माजी चंद्री म्हस होती. न्हानपनी देवी आल्या, डोळं गेलं. बाऽच्या मागं तिनंच मला वाट दावली. तिच्या पाठीवर हात ठिवून म्या कट्ट्यावर जायाचो न् यायाचो. ह्यो वस्ताद पिल्लू असल्यापास्नं तिच्या पायात पायात यायाचा. चंद्री मेली. चौथ्या दिवशी म्या नवी म्हस घिऊन दारात हुबा, तिला वाट ठावं न्हाई, मला दिसत न्हाई. तवा ह्येनं माजं धोतर धरलं न् मला कट्ट्यावर न्हेलं. कुनी शिकीवलं न्हाई, बगा! मग म्या म्हनलं, चंद्रीचं काम ह्येनं उचललं, तर बिल्ला बी ह्येचाच. हमालाचा बिल्ला बाऽच्या मागं पोराला मिळतो, का न्हाई? तसंच की ह्ये!"

स्टँडवरचे हमाल खरोखरच असंच करत. बाप थकला की बिल्ला पोराच्या दंडावर. बिल्ला माणसाचा नव्हे, कामाचा, असंच गाव समजत होतं. हसणारे एकेक करून आपापल्या टेबलावर गेले.

नृसिंहराव मात्र पहिल्यापासूनच हसले नव्हते. त्यांची नजर वहीवर खिळली होती. चारशे बारा नंबराखाली चंद्री मेल्यानंतरच्या सात ओळी होत्या. दर वर्षी ज्ञानूची बायको शालूबाई यायची, नंबर सांगायची, आणि नूतनीकरण करून जायची. दर वर्षी त्याखाली मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'जनावर समक्ष पाहिले. ठीक.' सात वर्षं मेलेली म्हैस त्यांनी समक्ष पाहिली होती.

"अर्ज लिहून देतो," ते हळू आवाजात म्हणाले. "रीतसर कुत्र्याचा परवाना काढू."

"काडाच रावसाब. ह्यो गेला तर मला म्हस इकाय लागंल. मग म्या दारात बसून ऱ्हायचं, येनाऱ्याजानाऱ्याच्या पायाचा आवाज ऐकत. म्या बसनारा मानूस न्हवं." एवढं बोलताना तो खणखणीत आवाज पहिल्यांदा खाली आला. कुत्र्यानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

अर्ज झाला, आणि तिथंच घोडं अडलं. नियमात स्पष्ट लिहिलं होतं: 'परवाना घेणारा इसम कुत्र्यावर पूर्ण ताबा ठेवण्यास समर्थ असावा.' नृसिंहराव कागद घेऊन साहेबांकडं गेले. साहेब वाईट नव्हते, पण तीन माणसांना कुत्रं चावल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

"हेर्लेकर, मालक आंधळा. उद्या हे कुत्रं कुणाच्या अंगावर गेलं तर तो आवरणार कसा? त्याला दिसणार तरी आहे का?"

"साहेब, सात वर्षांत एक तक्रार नाही."

"यादीतच नाही, तर तक्रार येणार कुठून?" साहेबांनी कागद परत केला. "उद्या तुम्ही स्वतः जा आणि बघा. कुत्रं मालकाचं ऐकतं का, एवढंच मला सांगा. ऐकत असेल तर मंजूर, नसेल तर नामंजूर. शनिवारी बाराच्या आत अहवाल. आणि गुंडूला पाठवायचं नाही. समक्ष."

'समक्ष' शब्द ऐकल्यावर नृसिंहरावांनी घरी जाऊन आधी छत्री शोधली.

शुक्रवारी चार वाजता ते शिवाजी पेठेत ज्ञानूच्या दारापासून पन्नास पावलांवर उभे राहिले. अंगात कोट, एका हातात छत्री, ती पावसासाठी नव्हे, आणि दुसऱ्या हातात टिपणवही. ज्ञानू बाहेर आला. डाव्या हातात वस्तादचा कासरा, उजव्या हातात म्हशीचं दावं. "चल गड्या," म्हणाला, आणि तिघं निघाली.

नृसिंहराव मागून चालत होते आणि लिहीत होते. आणि काय सांगू, दहा पावलांत त्यांचं लिहिणं राहिलं नि बघणंच चालू झालं! गटार आलं की कुत्रं थांबायचं, ज्ञानू पायानं चाचपून ते ओलांडायचा. समोरून सायकल आली की ते त्याला अंगानं भिंतीकडं सरकवायचं. उभ्या मारुतीच्या चौकात पाच बाजूंनी टांगे, गाड्या, माणसं. तिथं ते खालीच बसलं. ज्ञानू दगडासारखा उभा. एक टांगा गेला, दुसरा गेला, आणि मग ते उठलं. वाटेत दोन मोकाट कुत्री गुरगुरत अंगावर आली, तर ह्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एका दुकानदारानं पावाचा तुकडा टाकला, त्याकडंही नाही. कामावर होतं ना ते! कचेरीतली माणसं कामाच्या वेळी चारदा चहाला उठतात, असं नृसिंहरावांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांनी ते तिथंच दाबलं.

चौक ओलांडून रंकाळावेशीकडं वळल्यावर मात्र घात झाला.

कुत्रं एकाएकी थांबलं. नृसिंहराव मागं होते, मध्ये म्हशीचं अगडबंब धूड, पुढचं काही दिसत नव्हतं. ज्ञानू म्हणाला, "चल." कुत्रं हललं नाही. ज्ञानूनं कासरा हलवला. "चल की रं, उशीर झालाय!" कुत्रं उलट त्याच्या पायांपुढं आडवं झालं. ज्ञानूनं तिसऱ्यांदा आवाज चढवला, "वस्ताद, चल म्हनतोय न्हवं!" कुत्र्यानं पुन्हा ऐकलं नाही. त्यानं ज्ञानूला अंगानं रेटत रेटत रस्त्याच्या पार कडेला, भिंतीला खेटून नेलं. मागोमाग म्हैसही गेली.

साहेबांनी एकच गोष्ट विचारली होती. खोटं लिहिणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. सात ओळींचं ओझं अजून मानेवर होतं. त्यांनी चालता चालता वही उघडली आणि जड हातानं लिहायला घेतलं, 'मालकाने तीन वेळा चल म्हटले. कुत्र्याने आज्ञा पाळ...'

पुढचं अक्षर कागदावर आलंच नाही. नृसिंहराव छत्रीसकट, वहीसकट, चष्म्यासकट छातीइतक्या खोल चरात गेले.

नळाचा पाइप टाकायला तो चर त्याच दिवशी दुपारी खणला होता. रस्त्याच्या मधोमध, आणि भिंतीकडं फक्त एक म्हैस जाईल एवढी वाट सोडलेली. तळाला गुडघाभर चिखल. ज्याला दोन डोळे आणि वर चष्मा होता तो माणूस त्या चिखलात उभा होता, आणि ज्याला एकही नव्हता तो पलीकडं सुखरूप होता. नृसिंहरावांना घोट्यातून कळ आली, पण त्याआधी हे डोक्यात आलं. आंधळ्याचं ऐकलं असतं तर कुत्र्यानं आंधळ्याला मारलं असतं. ज्याला ते आज्ञा मोडणं म्हणत होते, तेच तर त्याचं काम होतं!

वर भुंकण्याचा आवाज आला. एकदाच, मोठ्यानं. मग ज्ञानूचा आवाज. "कोन पडलं? वस्ताद बिनकामाचा भुंकत न्हाई, कोन हाय खाली?"

"मी... परवाना खातं," नृसिंहराव म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"अरं द्येवा! रावसाब, तुमी? हात वर करा!"

वरून म्हशीचं दावं खाली आलं. नृसिंहरावांनी ते दोन्ही हातांनी धरलं. ज्ञानूनं म्हशीला हाक दिली, म्हैस मागं सरू लागली, आणि परवाना खात्याचे वरिष्ठ कारकून म्हशीच्या जोरावर वर यायला लागले. कडेपाशी मात्र चिखलावर हात निसटायला लागले. तेवढ्यात ते काळं तोंड खाली वाकलं. नृसिंहरावांनी डोळे गच्च मिटले. चाळीस वर्षं ज्या क्षणाला भीत होते तो आला होता. कोटाची बाही दातांत पकडली गेली आणि कुत्रं मागं ओढत राहिलं, जड, सावकाश, न सोडता. ते रस्त्यावर पालथे पडले तेव्हा बाही सुटली. त्यांनी डोळे उघडून मनगट बघितलं, तर कातडीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

कट्टा दोन मिनिटांवर होता. ज्ञानूनं त्यांना तिथं नेऊन घडवंचीवर बसवलं, बादलीभर पाण्यानं हातपाय धुवायला लावले आणि पहिली धार त्यांच्याच पेल्यात काढली. तासभर ते तिथं बसून राहिले. ज्ञानूच्या भोवती गिऱ्हाइकांची ही गर्दी! पेला भरत आला की धारेचा आवाज बदलतो, त्या आवाजावर तो काठोकाठ भरून हात थांबवायचा, थेंब बाहेर नाही. गिऱ्हाइकाला पावलांवरून ओळखून नावानं हाक मारायचा. आणि कुत्रं म्हशीच्या तोंडाशी बसून गर्दीवर नजर ठेवून होतं. नृसिंहरावांना त्या दोघांचं फार कौतुक वाटलं. आपण आयुष्यात एक तरी काम असं केलंय का, हे त्यांनी स्वतःला विचारलं.

शनिवारी अकरा वाजता ते लंगडत साहेबांपुढं उभे राहिले. ज्ञानू आणि वस्ताद बाहेर लिंबाखाली थांबले होते. साहेबांनी चिखल वाळून कडक झालेली टिपणवही उघडली आणि वाचलं. "'मालकाने तीन वेळा चल म्हटले. कुत्र्याने आज्ञा पाळ...' पुढं काय?"

"पुढं मी चरात पडलो, साहेब."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पडलेलं सांगितलं, म्हशीनं ओढून काढलेलं सांगितलं. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, पण सांगितलं. आणि पुढचंही सांगितलं, "साहेब, आणखी एक. त्याच्या मेलेल्या म्हशीचं सात वर्षं मी जागेवरून नूतनीकरण केलंय. समक्ष पाहिले म्हणून लिहिलंय. पाहिलेलं नाही."

साहेबांनी टिपणवही मिटली. मग म्हणाले, "त्याचा लेखी खुलासा सोमवारी द्या. त्याचं काय करायचं ते बघू. आता कुत्र्याचं बोला. मी विचारलं होतं, ऐकतं का. तुम्ही सांगताय, ऐकत नाही."

"ऐकत नाही, साहेब. काल ऐकलं असतं तर आज ज्ञानू दवाखान्यात असता. ताबा कुणाचा म्हणाल, तर दोघांचा एकमेकांवर आहे. नियमात तशी ओळ नाही, पण मी बघितलंय. या वेळी खरंच बघितलंय."

साहेबांनी टाक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "उद्या काही झालं तर? कुणीतरी डोळस जामीन पाहिजे मला."

"माझं नाव लिहा."

"तुमचं?" साहेबांना हसू आवरेना. "कुत्रं दिसलं की खुर्चीवर पाय घेणारे तुम्ही! ते सुटलं तर धरणार कोण?"

"मी धरीन," नृसिंहराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनाच घाम फुटला. पण शब्द मागं घेतला नाही.

पावणेबारा वाजता कागदावर 'मंजूर' पडलं. नृसिंहरावांनी गुरुवारीच पेटीत बाजूला ठेवलेला नवा बिल्ला काढला, तीनशे एकेचाळीस. गुंडूनं सवयीनं हात पुढं केला. त्यांनी बिल्ला दिला नाही. ते स्वतः लंगडत बाहेर ओसरीत आले. मागं सगळी कचेरी दारात येऊन उभी राहिली.

"ज्ञानू, आण त्याला इकडं."

ज्ञानू पायऱ्या चढून आला. नृसिंहराव खाली बसले. गाठ तीनदा सुटली. कुत्रं मान ताठ करून बसून राहिलं. बिल्ला बसल्यावर त्यांनी जुना, म्हशीचा, सोडवून घेतला. तो खरं तर कचेरीत जमा करायचा. त्यांनी क्षणभर तो तळहातावर धरला आणि ज्ञानूच्या हातात ठेवला. "हा चंद्रीचा. मी तो हरवला म्हणून लिहितो. नाही, तसं नको. मालकाकडे ठेवला, असंच लिहितो."

ज्ञानूनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. तो पटक्याच्या घडीत खोवला. मग म्हणाला, "येतो रावसाब. सांजच्याला कट्ट्यावर या. पैल्या धारंचा पेला तुमचा."

त्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवायला म्हणून नृसिंहराव दोन पावलं पुढं गेले. ओसरीला तीन पायऱ्या होत्या. ज्ञानूनं "चल" म्हटलं. वस्ताद पहिल्या पायरीपाशी आला, मागं वळला, आणि ज्ञानूला सोडून नृसिंहरावांच्या पायांपुढं आडवा उभा राहिला. त्यांनी एक पाय उचलला, तर अंगानं त्यांना मागं रेटलं.

"ह्ये काय? चल की रं!" ज्ञानू म्हणाला. मग हातानं चाचपून त्याला उमगलं आणि तो मोठ्यानं हसला. "रावसाब, काल त्येनं तुमास्नी पडताना बगितलंय. आता त्यो तुमास्नी एकलं उतरू द्यायचा न्हाई. कासरा धरा, दुसरा इलाज न्हाई."

दारात गुंडू फुसकन हसला आणि लगेच गप्प झाला. नृसिंहरावांनी कासरा मध्यावर धरला. एका हाताला ज्ञानू, दुसऱ्या हाताला हे, आणि मध्ये तीनशे एकेचाळीस नंबर. कुत्रं पहिल्या पायरीवर थांबलं, दोघांचेही पाय टेकले का ते बघितलं आणि मगच दुसरीवर उतरलं.